गाठ दिसली, पण कोणती?

ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी १२ जून २००५ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात स्वतःच्या आजाराची हकिगत सांगितली होती. सकाळी साडेसात वाजता स्कॅन झाला आणि स्वादुपिंडावर गाठ स्पष्ट दिसली. हा कर्करोग बहुधा बरा होणारा नाही, तीन ते सहा महिन्यांपलीकडचा विचार करू नका, घरी जा आणि मागचे सगळे मार्गी लावा, असे डॉक्टरांनी सांगितले. तो दिवस त्यांनी त्या निकालाच्या ओझ्याखाली काढला. संध्याकाळी घशातून दुर्बीण घातली गेली, जठरातून ती आतड्यात नेली आणि सुईने गाठीतल्या पेशी काढल्या. त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना डॉक्टरांना रडू आले. कारण गाठ दुर्मीळ जातीची आणि शस्त्रक्रियेने बरी होण्यासारखी निघाली. हे निदान ऑक्टोबर २००३ मधले. शस्त्रक्रिया त्यांनी नऊ महिने लांबवली, तरीही ते ५ ऑक्टोबर २०११ पर्यंत जगले.

सकाळी आणि संध्याकाळी अवयव तोच होता, गाठ तीच होती, माणूसही तोच होता. मधल्या काही तासांत फक्त गाठीचे नाव कळले, आणि तेवढ्याने महिन्यांचा हिशेब वर्षांवर गेला. या हकिगतीतला बोध आपल्याकडच्या रुग्णालयांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनीही पक्का ध्यानात ठेवायला हवा. ‘स्वादुपिंडात गाठ आहे’ हे वाक्य म्हणजे अर्धेच निदान. कोणती गाठ, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधल्याशिवाय ना आशा सोडावी, ना सुरी उचलावी. आज हे उत्तर बऱ्याच वेळा सुईच्याही आधी चित्रातून मिळू शकते. मात्र त्यासाठी चित्र नीट काढलेले हवे, नीट वाचलेले हवे आणि वाचणाऱ्याला रुग्णाची माहिती हवी.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या अवयवाची धास्ती घराघरांत पोचली ती गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या स्वादुपिंडाच्या आजारपणात. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईत रुग्णालयात दाखल झाले आणि १७ मार्च २०१९ रोजी गेले. तेव्हापासून ‘पॅनक्रियाज’ हा शब्द रिपोर्टात दिसला की घरात रडारड सुरू होते. ती धास्ती निराधार नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के डक्टल ॲडेनोकार्सिनोमा या जातीचे असतात, आणि तो फार घातक आहे. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्यांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करण्याजोगे रुग्ण जेमतेम पाचातला एक. पण या अवयवात उगवणारी प्रत्येक गाठ डक्टल कर्करोगाची नसते. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या किमान आठ-दहा गोष्टी आहेत. त्यांतल्या काही कर्करोगच नाहीत, काही औषधाने विरघळतात, काही एकदा काढल्या की परत येत नाहीत, आणि काहींना हातही लावायची गरज नसते.

स्वादुपिंड वीतभरापेक्षा कमी लांबीचे. जठराच्या मागे, मणक्याच्या पुढे आडवे पडलेले. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात अडकलेले आणि शेपूट प्लीहेपर्यंत गेलेले. हाताला ते लागत नाही आणि सोनोग्राफीत पुढचा वायू आड येतो. यकृतातून येणारी पित्तनलिका त्याच्या डोक्यातून जाते. म्हणून डोक्याजवळ काहीही वाढले, मग तो कर्करोग असो, सूज असो की क्षयाची गाठ, रुग्णाला होते ती कावीळच. वजन घटते, भूक मरते, पाठीत दुखते. लक्षणांवरून भेद होत नाही, तो चित्रावर येऊन ठेपतो.

हा भेद चित्रात कसा उमटतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाला सीटीच्या टेबलावर आडवे करतात. त्याआधी दोन-तीन पेले साधे पाणी पाजलेले असते, म्हणजे जठर आणि आतडे फुगून स्वादुपिंडाची कड मोकळी दिसते. कोपराच्या पुढच्या शिरेत जाडसर सुई लावलेली असते. तिच्यातून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट सेकंदाला चार-पाच मिलिलिटरच्या वेगाने आत जाते आणि अंगभर गरम लाट गेल्यासारखे वाटते. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असा आवाज येतो. इंजेक्शन सुरू झाल्यापासून ४० ते ४५ सेकंदांनी पहिली फेरी आणि ७० सेकंदांच्या आसपास दुसरी. पहिल्या फेरीत निरोगी स्वादुपिंड रक्ताने भरून उजळलेले असते. डक्टल कर्करोग आपल्याभोवती घट्ट तंतूंचे जाळे विणतो, त्यात रक्तवाहिन्या थोड्या असतात, म्हणून त्या उजेडात तो काळसर राहतो. त्याच्यापाशी स्वादुपिंडाची नलिका एकाएकी तुटते, तुटल्याच्या मागे ती फुगते आणि त्या बाजूचे स्वादुपिंड सुकत जाते. डोक्यात गाठ असेल तर पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका दोन्ही फुगलेल्या दिसतात.

न्यूरोएंडोक्राइन गाठ म्हणजे जॉब्ज यांना झालेली जात. ती बहुधा नेमकी उलटी वागते. तिच्यात रक्तवाहिन्यांची दाटी असते. पहिल्या फेरीत ती सभोवतालपेक्षा जास्त उजळते, आणि लहान असेल तर सत्तराव्या सेकंदापर्यंत आजूबाजूच्या रंगात मिसळून दिसेनाशी होते. याचा अर्थ गंभीरपणे घ्यायला हवा. पोटाचा नेहमीचा सीटी स्कॅन बहुतेक ठिकाणी एकाच फेरीचा असतो आणि ती फेरी सत्तराव्या सेकंदाची असते. म्हणजे ज्या क्षणी या दोन गाठी एकमेकींपासून सर्वांत स्पष्ट वेगळ्या दिसतात, त्या क्षणाचे चित्रच काढलेले नसते. मग रेडिओलॉजिस्ट कितीही अनुभवी असला तरी करणार काय?

इन्सुलिनोमाचे रुग्ण यात फार भरडले जातात. इन्सुलिन स्रवणारी ही गाठ बहुतेक वेळा २ सेंटिमीटरहून लहान असते. रुग्णाला उपाशीपोटी घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तो असंबद्ध बोलतो, कधी फिट येते, आणि साखर खाल्ली की पूर्ववत होतो. अशा माणसांना फिटच्या गोळ्या दिल्या जातात, मानसोपचारासाठी पाठवले जाते. पहिल्या फेरीचे बारीक कापांचे एक चित्र वेळेवर निघाले तर ती गाठ सापडते, आणि एका शस्त्रक्रियेत माणूस मोकळा होतो.

कोणी म्हणेल, शेवटी बायोप्सी आहेच, चित्रावर एवढा भर कशाला? याचे उत्तर उपचाराच्या रीतीतच आहे. केमोथेरपी द्यायची असेल तर आधी पेशींचा पुरावा लागतो. पण गाठ काढण्याजोगी आणि चित्र कर्करोगाचे असेल, तर बायोप्सीविना शस्त्रक्रियेला जाणे हे जगभर मान्य आहे. सुईला कर्करोग लागला नाही म्हणून तो नाहीच असे होत नाही, आणि वाट पाहण्यात वेळ जातो. म्हणजे इथे चित्रावरच सुरी चालते. ती शस्त्रक्रियाही साधी नाही. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढून उरलेले सगळे पुन्हा जोडावे लागते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के रुग्ण दगावले होते आणि सर्वाधिक करणाऱ्यांत ३.८ टक्के. मोठ्या केंद्रांच्या नोंदी सांगतात की कर्करोग समजून काढलेल्या अशा गाठींपैकी सुमारे ५ ते १० टक्के तपासणीअंती कर्करोगाच्या नसतात. हा आकडा शून्यावर येणार नाही, हे मान्य. पण तो जितका खाली आणता येईल तितका आणणे हे कर्तव्य आहे.

त्या ५ ते १० टक्क्यांत कोण असते? एक ठळक नाव ऑटोइम्यून पॅनक्रियाटायटिसचे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटते, ते सुजते आणि वयस्कर पुरुषाला न दुखणारी कावीळ होते. हे हुबेहूब कर्करोगाचे रूप. २००१ साली जपानमधल्या मात्सुमोतोच्या शिन्शु विद्यापीठातील डॉक्टरांनी दाखवून दिले की अशा रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ हे प्रतिपिंड वाढलेले असते. चित्रातही खुणा असतात. स्वादुपिंड सलग फुगलेले, त्याच्या कडेचे नेहमीचे खाचखळगे बुजलेले, भोवती एक पातळ काळसर कड, आणि नलिका तुटण्याऐवजी अरुंद होत सुजलेल्या भागातून आरपार गेलेली. या आजारावर इलाज स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. काही आठवड्यांत सूज ओसरलेली पुढच्या स्कॅनमध्ये दिसते. मात्र नुसत्या रक्तावर विसंबता येत नाही, कारण काही कर्करोगांतही आयजीजी-४ थोडे वाढते. चित्र, रक्त आणि गरज पडल्यास सुई, तिन्हींची साक्ष जुळावी लागते.

दुसरे नाव आपल्या देशाचे खास, क्षयाचे. स्वादुपिंडाचा किंवा त्याला चिकटलेल्या लसिकाग्रंथींचा क्षय दुर्मीळ आहे. पण क्षयाचे एवढे रुग्ण असलेल्या देशात तो मनातून काढून टाकता येत नाही. मध्ये काळसर आणि कडेने उजळणारी गाठ, आजूबाजूला तशाच ग्रंथी, तरुण वय, संध्याकाळचा ताप ही लक्षणे दिसली तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडखाली सुईने नमुना घेऊन क्षयाचे जंतू ओळखणारी सीबीनॅट चाचणी करता येते. इलाज टीबीच्या गोळ्यांचा. ज्याला गोळ्यांनी बरे वाटणार त्याचे पोट उघडणे, किंवा त्याला ‘आता काही उरले नाही’ म्हणून घरी पाठवणे, हे दोन्ही अक्षम्य आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत क्षयाला एखादी ओळ मिळते. आपल्या रेडिओलॉजीच्या शिक्षणात त्याला त्याहून मोठी जागा हवी.

पाण्याने भरलेल्या गाठींची गोष्ट आणखी वेगळी. एमआरआय आणि सीटी जितके वाढले तितक्या या गाठी दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत अवचित सापडू लागल्या. रेडिओलॉजीचे विद्यार्थी त्या ओळखायला आजी, आई आणि मुलगी अशी खूण लक्षात ठेवतात. आजीच्या वयात होणारी सिरस सिस्टॲडेनोमा ही अनेक बारीक कप्प्यांची, मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी, कधी मधोमध चुन्याचा ठिपका असलेली. ती जवळजवळ कधीच कर्करोगात बदलत नाही. त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. आईच्या वयात होणारी म्युसिनस गाठ बहुधा शेपटाकडे असते, मोजक्या मोठ्या कप्प्यांची, कडेला कवचासारखा चुना धरणारी. ती पुढे बिघडू शकते, म्हणून बहुधा काढावी लागते. मुलीच्या वयात, म्हणजे विशी-तिशीत होणारी सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ १९५९ साली व्हर्जिनिया फ्रान्ट्झ यांनी वर्णिली. जाड आवरणाची, आत रक्तस्राव झालेली आणि कधी नारळाएवढी वाढलेली असूनही ती पूर्ण काढली की बहुतेक मुली बऱ्या होतात.

चौथी जात आयपीएमएन, म्हणजे नलिकेच्या आतल्या अस्तरातून वाढणारी. १९८२ साली जपानमधल्या डॉक्टरांनी तिची ओळख करून दिली. ती नलिकेला जोडलेली असते, आणि ही जोडणीच तिची खूण. ती पाहायला एमआरसीपी, म्हणजे नलिकांचा एमआरआय, उत्तम. त्यात कॉन्ट्रास्टही टोचावे लागत नाही. पित्त आणि स्वादुपिंडातला रस आपोआप पांढरा उजळतो आणि नलिकांचा सारा विस्तार फांद्यांसकट पडद्यावर येतो. मुख्य नलिका १० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद झाली तर धोका मोठा, ५ ते ९ मिलिमीटर असेल तर सावध राहायचे, आणि फक्त फांदीत लहानशी गाठ असेल तर ठरावीक काळाने पाहत राहायचे. एका मिलिमीटरच्या मोजमापावर इथे ऑपरेशन की निगराणी हे ठरते. अशा वेळी रिपोर्टात ‘स्वादुपिंडात सिस्ट आहे’ एवढेच लिहून मोकळे होणे ही जबाबदारी टाळणे आहे.

फसवणाऱ्या जागाही माहीत हव्यात. सुमारे १० टक्के माणसांत मुख्य प्लीहेशिवाय तिचा एखादा छोटा गोळा जन्मतःच वेगळा असतो. तो कधी स्वादुपिंडाच्या शेपटात रुतलेला आढळतो आणि पहिल्या फेरीत न्यूरोएंडोक्राइन गाठीसारखा उजळतो. न्यूरोएंडोक्राइन गाठ शोधणारे गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनही इथे दगा देऊ शकते, कारण प्लीहाही ते द्रव्य धरते. उपाय एकच, प्रत्येक फेरीत आणि एमआरआयच्या प्रत्येक चित्रात त्या गोळ्याची शेजारच्या प्लीहेशी तुलना करायची. सगळीकडे दोन्हींचा रंग सारखाच बदलत गेला तर तो निरुपद्रवी गोळा आहे. शंका उरलीच तर प्लीहेत अडकणाऱ्या लाल पेशींचे न्यूक्लिअर स्कॅन आहे. दुसरी फसवणूक किडनीच्या कर्करोगाची. किडनी काढून दहा वर्षे उलटून गेल्यावरही त्याची गाठ स्वादुपिंडात येऊ शकते आणि तीही अशीच उजळते. रेडिओलॉजिस्टला ‘पूर्वी किडनी काढली आहे’ हे कोणी सांगितले असेल तर निदान चटकन वळते.

आणि इथेच आपली व्यवस्था उणी पडते. स्कॅनसाठी येणाऱ्या चिठ्ठीवर अनेकदा ‘सीटी ॲब्डोमेन’ एवढेच दोन शब्द असतात. कावीळ कधीपासून, वजन किती घटले, मधुमेह नव्याने लागला का, दारू किती, पूर्वी पॅनक्रियाटायटिस झाला होता का, टीबी झाला होता का, कसले ऑपरेशन झाले, यातले काहीच नाही. परतीच्या रिपोर्टात मग ‘डोक्यात ३ सेंटिमीटरची गाठ, कर्करोगाची शक्यता, लक्षणांशी ताडून पाहावे’ अशा तीन ओळी येतात. दोन डॉक्टरांमधला हा अबोला रुग्णाला महागात पडतो. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि पॅनक्रियाज संघटनांनी २०१४ मध्ये डक्टल कर्करोगाच्या रिपोर्टाचा नमुना एकमताने ठरवून दिला. गाठ कुठे, किती, कोणत्या फेरीत कशी उजळली, नलिका कुठे तुटली, कोणत्या धमनीला किंवा शिरेला किती अंशांत भिडली, यकृतात काही आहे का, असे सगळे त्यात ओळीने येते. धमनीला १८० अंशांहून जास्त विळखा असेल तर सुरीच्या आधी केमोथेरपीचा विचार करावा लागतो. असा नमुना छापून टेबलावर ठेवायला पैसा लागत नाही.

आणखी एक चूक वारंवार घडते. कावीळ झालेला रुग्ण येतो, त्याची खाज आणि पिवळेपणा पाहून घाईने दुर्बिणीची ईआरसीपी प्रक्रिया करून पित्तनलिकेत स्टेंट घातला जातो आणि नंतर स्कॅनला पाठवले जाते. स्टेंटची चमक आणि त्या प्रक्रियेने कधी कधी येणारी सूज यांत गाठीची कड, नलिकेचे तुटणे, शिरेशी असलेले नाते सगळे झाकोळते. ताप येऊन पित्तात जंतुसंसर्ग झाला असेल तर थांबता येत नाही, ते खरेच. एरवी नियम साधा आहे, आधी स्कॅन, मग स्टेंट. तो प्रत्येक पोटविकार विभागाच्या दारावर लिहून ठेवावा.

खर्चाचा आक्षेप येईल. दोन फेऱ्यांच्या स्कॅनला आणि एमआरसीपीला पैसे पडतात, कॉन्ट्रास्ट देण्याआधी किडनीसाठी रक्तातले क्रिएटिनिन पाहावे लागते, गरिबाने हे कसे करायचे? हा आक्षेप खरा आहे. पण हिशेब उलटा मांडून पाहावा. चुकीच्या फेरीचा स्कॅन पुन्हा करावा लागतो. पहिली फेरी हा काही वेगळा यंत्रखर्च नाही; तेच यंत्र, तेच कॉन्ट्रास्ट, अर्ध्या मिनिटाचे नियोजन आणि तंत्रज्ञाला दिलेली नीट शिकवण. नको असलेली एक व्हिपल, किंवा चुकीच्या नावाखाली दिलेली सहा महिन्यांची केमोथेरपी, यापुढे तो खर्च किरकोळ आहे.

चित्राला मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. सुमारे १० टक्के डक्टल कर्करोग सभोवतालच्या रंगाचेच असतात आणि फक्त फुगलेल्या नलिकेवरून हेरावे लागतात. काही न्यूरोएंडोक्राइन गाठी उजळत नाहीत. केरळात मोठ्या संख्येने नोंदल्या गेलेल्या, नलिकेत खडे होणाऱ्या जुनाट पॅनक्रियाटायटिसमध्ये सुजेचा गोळा आणि कर्करोग वेगळे करणे सर्वांनाच जड जाते, आणि त्या रुग्णांना कर्करोगाचा धोकाही अधिक असतो. सीए १९-९ ही रक्ततपासणी नुसत्या काविळीनेही वाढते, आणि काही लोकांच्या शरीरात ते द्रव्य मुळात बनतच नाही. म्हणूनच कोणा एका तपासणीवर निकाल लावू नये.

यंत्रबुद्धीकडूनही आता आशा आहे. चीनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये पांडा नावाची प्रणाली मांडली. कॉन्ट्रास्टविना काढलेल्या साध्या सीटीतून ती स्वादुपिंडातल्या गाठी हेरते आणि त्यांची जातही सांगू पाहते. २०,५३० रुग्णांच्या पाहणीत गाठ हेरण्याची तिची संवेदनशीलता ९२.९ टक्के आणि अचूक वगळण्याचे प्रमाण ९९.९ टक्के आले. हे मोठे काम आहे. पण असे यंत्र जे दाखवले तेच शिकते. आपल्याकडचा क्षय, आपल्याकडची खड्यांची जुनाट सूज त्याला शिकवायची तर आपल्या रुग्णालयांनी चित्रे आणि पेशींचे अंतिम निकाल जोडून जपून ठेवायला हवेत.

मुंबईजवळ तर या कामाची मोठी शिदोरी आहे. न्यूरोएंडोक्राइन गाठीवर गॅलियमने जी खूण दिसते, तिच्यावरच ल्युटेशियम-१७७ बसवून आतून किरणोपचार करता येतो. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना दिले जाते. ज्या चित्राने नाव कळले त्याच चित्राने इलाजाचा मार्ग दाखवावा, याहून मोठा पुरावा कशाला हवा? टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभी राहिलेली नॅशनल कॅन्सर ग्रिड दूरच्या रुग्णालयांनाही तज्ज्ञांच्या एकत्रित चर्चेत आणते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्जनने आणि रेडिओलॉजिस्टने अवघड चित्र एकट्याने उरावर घेऊ नये. ते तिकडे न्यावे.

आमची मागणी स्पष्ट आहे. स्वादुपिंडाची शंका असलेल्या प्रत्येक रुग्णाचा स्कॅन दोन फेऱ्यांचा आणि बारीक कापांचा व्हावा. चिठ्ठीवर पूर्वेतिहास लिहिल्याशिवाय स्कॅन होऊ नये. रिपोर्ट ठरलेल्या नमुन्यात असावा आणि त्यात सर्वांत संभाव्य निदान, दुसरे संभाव्य निदान आणि पुढची तपासणी नावानिशी लिहावी. शस्त्रक्रियेआधी सर्जन, पोटविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकदा तरी चित्र एकत्र बसून पाहावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि डॉक्टरांच्या संघटनांनी हे शिकवावे, आणि सरकारी योजनांनी पैसे देताना तसा रिपोर्ट मागावा.

वाचकांनाही एक सांगणे. घरात कोणाच्या रिपोर्टात स्वादुपिंडाची गाठ आली तर धीर सोडू नका आणि घाईही करू नका. स्कॅनची सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर आणि तीन ओळींच्या कागदावर समाधान मानू नका. जुन्या ऑपरेशनांचे, टीबीचे, मधुमेहाचे कागद सोबत न्या. आणि डॉक्टरांना अदबीने पण ठामपणे विचारा, ‘ही गाठ नेमकी कोणत्या जातीची आहे, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.